मंत्रिपदापूर्वीची परीक्षा : अमेरिकेची सिनेट आणि आपण

लोकशाहीत सत्ता लोकांची असते, हे वाक्य आपण सभांतून नेहमी ऐकतो. परंतु मतदान झाले, निकाल लागला, की लोकांची भूमिका तेथेच संपते काय? नवे सरकार बनते तेव्हा अर्थ खाते कोणाकडे जावे, गृह खाते कोणाकडे जावे, समाजकल्याण कोणी पाहावे, हे ठरविताना लोकांच्या प्रतिनिधींना काही विचारले जाते काय? आपल्याकडे वर्तमानपत्रांतून नावांची चर्चा होते, शपथविधी होतो, खातेवाटप जाहीर होते आणि मंत्री कामाला लागतात. अमेरिकेत मात्र राष्ट्राध्यक्षाने सुचविलेल्या व्यक्तीला मंत्रिपद मिळण्यापूर्वी सिनेटपुढे बसून उत्तरे द्यावी लागतात आणि सिनेटची संमती मिळवावी लागते. ही पद्धत कशी चालते, तिने काय साधले, ती कोठे अपुरी पडली आणि आपल्या राज्यघटनेने वेगळा मार्ग का पत्करला, याचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात करणार आहोत. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या तरुणांना तो उपयोगी पडेलच, परंतु मतदार असणाऱ्या प्रत्येक बंधू-भगिनीनेही तो लक्षात घ्यावा, अशी आमची इच्छा आहे.

१. मूळ तरतूद

अमेरिकेची राज्यघटना १७८७ साली फिलाडेल्फिया येथे तयार झाली. तिच्या दुसऱ्या अनुच्छेदातील दुसऱ्या कलमात असे ठरविले आहे की, राष्ट्राध्यक्षाने नावे सुचवावीत आणि सिनेटच्या सल्ल्याने व संमतीने नेमणुका कराव्यात. इंग्लंडच्या राजाने मर्जीतल्या माणसांना पदे वाटावीत, हा अनुभव त्या पिढीच्या डोळ्यांपुढे होता. सिनेटचा वचक असला म्हणजे केवळ नातेसंबंध, प्रांताभिमान किंवा वैयक्तिक जवळीक पाहून अयोग्य माणसाचे नाव पुढे करण्यास राष्ट्राध्यक्ष कचरेल, असा युक्तिवाद अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी केला होता. योगायोग असा की, हेच हॅमिल्टन पुढे देशाचे पहिले अर्थमंत्री झाले. ११ सप्टेंबर १७८९ रोजी जॉर्ज वॉशिंग्टन यांनी त्यांचे नाव पाठविले आणि सिनेटने त्याच दिवशी संमती दिली.

येथे एक फरक ध्यानात घेतला पाहिजे. आपल्याकडे मंत्री हा संसदेचा सदस्य असावा लागतो. नसल्यास सहा महिन्यांत व्हावे लागते. अमेरिकेत याच्या उलट आहे. मंत्री झालेल्या व्यक्तीला तेथील काँग्रेसचे सदस्य राहता येत नाही. सिनेटरला मंत्री केले तर त्याला सिनेटची जागा सोडावी लागते. म्हणजे मंत्री रोज सभागृहात सापडणारा नसतो. म्हणूनच त्याला आत जाऊ देण्यापूर्वी दारातच अडवून विचारण्याची ही सोय आहे.

२. संमतीच्या पायऱ्या

निवडणूक नोव्हेंबरमध्ये होते आणि नवा राष्ट्राध्यक्ष २० जानेवारीला सूत्रे हाती घेतो. मधल्या काळात तो पंधरा खात्यांच्या प्रमुखांची नावे जाहीर करतो. त्यानंतर साधारणपणे पुढील क्रम चालतो.

पहिली पायरी चौकशीची. एफबीआय ही केंद्रीय तपास यंत्रणा त्या व्यक्तीच्या पूर्वायुष्याची माहिती गोळा करते. प्रत्येक राष्ट्राध्यक्षाने ही रूढी सारख्याच काटेकोरपणे पाळली आहे असे नाही.

दुसरी पायरी मालमत्तेची. १९७८ च्या शासकीय नीतिमत्तेसंबंधीच्या कायद्यानुसार उमेदवाराला आपले उत्पन्न, शेअर्स, कर्जे व संस्थांतील पदे यांचे विवरण द्यावे लागते. ज्या खात्याचा कारभार पाहायचा त्या खात्याशी ज्यांचा संबंध येतो असे शेअर्स विकण्याची किंवा पदे सोडण्याची लेखी हमी त्याच्याकडून घेतली जाते.

तिसरी पायरी समितीपुढील सुनावणीची. संरक्षणमंत्र्याचे नाव सशस्त्र सेवा समितीकडे, अर्थमंत्र्याचे वित्त समितीकडे, तर न्याय खात्याचा प्रमुख असलेल्या अॅटर्नी जनरलचे न्याय समितीकडे जाते. दोन्ही पक्षांचे सदस्य तासन् तास प्रश्न विचारतात. पूर्वी अशा नेमणुकांवरील चर्चा सिनेट बंद दाराआड करीत असे. १९२९ साली नियम बदलले आणि ती चर्चा खुली झाली. आज सुनावण्या दूरचित्रवाणीवरून घरोघर दिसतात.

चौथी पायरी संपूर्ण सिनेटच्या मतदानाची. उपस्थितांचे साधे बहुमत पुरते. २०१३ पर्यंत विरोधकांनी चर्चा लांबवून अडथळा केल्यास ती थांबविण्यासाठी १०० पैकी ६० मते लागत. त्या वर्षी नियमाचा अर्थ बदलण्यात आला आणि येथेही साधे बहुमत पुरेसे ठरले. समसमान मते पडल्यास उपराष्ट्राध्यक्ष निर्णायक मत देतो. मंत्रिपदासाठी असा प्रसंग प्रथम २०१७ साली शिक्षणमंत्री बेट्सी डेव्होस यांच्या वेळी आला आणि दुसऱ्यांदा जानेवारी २०२५ मध्ये संरक्षणमंत्री पीट हेगसेथ यांच्या वेळी.

३. नाकारलेली नावे आणि मागे घेतलेली नावे

१७८९ पासून मतदानाने नाकारले गेलेले मंत्रिपदाचे उमेदवार केवळ नऊ आहेत. विसाव्या शतकातील शेवटचे उदाहरण जॉन टॉवर यांचे. ते चोवीस वर्षे सिनेटमध्ये होते आणि ज्या सशस्त्र सेवा समितीपुढे त्यांना बसावे लागले तिचे ते माजी अध्यक्ष होते. तरीही त्यांचे मद्यपान आणि शस्त्रे पुरविणाऱ्या कंपन्यांशी असलेले त्यांचे संबंध यांवर प्रश्न उपस्थित झाले. ९ मार्च १९८९ रोजी ४७ विरुद्ध ५३ मतांनी त्यांना नाकारण्यात आले.

नऊ हा आकडा लहान दिसतो म्हणून सिनेट केवळ शिक्का मारते असे समजू नये. पराभव दिसू लागला की नाव मागे घेतले जाते. जानेवारी १९९३ मध्ये बिल क्लिंटन यांनी अॅटर्नी जनरलच्या पदासाठी झोई बेअर्ड यांचे नाव दिले. त्यांनी घरकामासाठी अशा परदेशी दांपत्याला ठेवले होते, ज्यांना त्या देशात काम करण्याचा परवाना नव्हता. शिवाय त्यांच्या सामाजिक सुरक्षेचा करही भरला नव्हता. जी व्यक्ती कायद्याची अंमलबजावणी करणार, तिनेच घरातल्या कामगारांच्या बाबतीत कायदा पाळला नाही, ही गोष्ट सामान्य माणसाला खटकली. सिनेटरांच्या कार्यालयांत लोकांचे दूरध्वनी खणखणू लागले आणि २२ जानेवारीला नाव मागे गेले. पुढे त्या पदावर जॅनेट रेनो या पहिल्या महिला आल्या. २००९ साली आरोग्य खात्यासाठी सुचविलेले टॉम डॅशल हे सिनेटमधील बहुमताचे माजी नेते. परंतु सुमारे १ लाख २८ हजार डॉलरचा कर वेळेवर न भरल्याचे उघड झाल्यावर तेही बाजूला झाले. मोलकरणीचा कर असो वा मोटारीवरचा, तो प्रश्न उघडपणे विचारला गेला, हे येथे महत्त्वाचे आहे.

अर्थात पळवाटाही आहेत. सिनेटची बैठक नसताना तात्पुरती नेमणूक करण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षाला आहे; २०१४ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्यावर मर्यादा घातल्या. हंगामी प्रमुख नेमूनही काही काळ कारभार चालविता येतो. शिवाय एकदा संमती दिली की मंत्र्याला काढण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षाचा. सिनेटला महाभियोगाखेरीज त्याला घरी पाठविता येत नाही.

४. संमती कोणाची?

आता आम्ही मूळ मुद्द्याकडे येतो. परीक्षा चांगली, परंतु परीक्षक कोण? ज्या रॉजर टॅनी यांना अर्थमंत्री म्हणून १८३४ साली सिनेटने नाकारले, ते या पद्धतीने नाकारले गेलेले पहिले मंत्री. वाद होता सरकारी ठेवी राष्ट्रीय बँकेतून काढण्याचा. पुढे सिनेटचे बलाबल बदलले आणि १८३६ साली त्याच टॅनी यांना सरन्यायाधीश म्हणून संमती मिळाली. १८५७ च्या ड्रेड स्कॉट खटल्यात याच टॅनी यांनी निकाल दिला की, आफ्रिकी वंशाचे लोक अमेरिकेचे नागरिक होऊ शकत नाहीत. बँकेच्या पैशाबद्दल ज्या सभागृहाने इतकी काळजी वाहिली, त्या सभागृहात त्या वेळी एकही कृष्णवर्णीय सदस्य नव्हता. पहिला कृष्णवर्णीय सिनेटर हायरम रेव्हल्स हे १८७० साली आले.

दुसरे उदाहरण रॉबर्ट वीव्हर यांचे. हार्वर्ड विद्यापीठातून अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळविलेले हे विद्वान घरबांधणीच्या प्रश्नाचे जाणकार. केनेडी यांना शहरी प्रश्नांसाठी नवे खाते काढून त्यांना तेथे नेमायचे होते. १९६२ साली प्रतिनिधिगृहाने ती योजनाच फेटाळली. विरोधाची कारणे अनेक होती, परंतु कृष्णवर्णीय मंत्री नको, ही दक्षिणेकडील अनेक सदस्यांची भावना त्यांपैकी एक होती. पुढे १९६४ चा नागरी हक्क कायदा झाला, १९६५ चा मताधिकार कायदा झाला, खाते अस्तित्वात आले, आणि जानेवारी १९६६ मध्ये सिनेटने वीव्हर यांना संमती दिली. अमेरिकेच्या मंत्रिमंडळातील ते पहिले कृष्णवर्णीय मंत्री होत. त्या दिवशीही सिनेटमध्ये एकही कृष्णवर्णीय सदस्य नव्हता. माणूस तोच, विद्वत्ता तीच. बदलले होते ते बाहेरचे वातावरण. रस्त्यावरच्या चळवळीने आणि मतपेटीच्या जोराने ते बदलले होते.

५. बाबासाहेबांचा विचार

कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अमेरिकन पद्धत चांगली ठाऊक होती. १९४७ साली अखिल भारतीय शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने त्यांनी घटना समितीसाठी जे निवेदन तयार केले, त्यात मंत्रिमंडळाविषयी वेगळीच योजना होती. पंतप्रधान संपूर्ण सभागृहाने निवडावा. अल्पसंख्याकांचे मंत्री त्या त्या समाजाच्या विधिमंडळातील सदस्यांनी निवडावेत. बहुसंख्याकांचे मंत्री मात्र संपूर्ण सभागृहाने निवडावेत. आपल्या नावाने मंत्री होणारा माणूस दुसऱ्याच्या मर्जीतला नसावा, बहुसंख्याकांचा मंत्रीही सर्वांच्या विश्वासाचा असावा, हे त्यातील मर्म होय. ही योजना राज्यघटनेत आली नाही.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना त्यांनी दोन्ही पद्धतींची तुलना केली. अमेरिकन पद्धतीत स्थैर्य अधिक, संसदीय पद्धतीत जबाबदारी अधिक. संसदीय पद्धतीत प्रश्न, ठराव, तहकुबी सूचना, अविश्वास ठराव यांमुळे मंत्र्यांच्या कामाचे रोज मूल्यमापन होते, आणि मसुद्याने जबाबदारीला प्राधान्य दिले आहे, असे त्यांनी सांगितले. त्याच वर्षी डिसेंबरअखेर प्रा. के. टी. शाह यांनी मंत्र्यांनी पद स्वीकारण्यापूर्वी आपली मालमत्ता व हितसंबंध जाहीर करावेत, अशी दुरुस्ती सुचविली. बाबासाहेबांनी हेतू मान्य केला, परंतु केवळ पदावर येतानाची घोषणा पुरेशी नाही, जातानाचीही हवी, हे दाखवून दिले. मंत्र्यांच्या पात्रतेचा प्रश्न पंतप्रधान, सभागृह आणि जागरूक जनता यांच्यावर सोपविणे त्यांना योग्य वाटले. २४ मे १९४९ रोजी न्यायाधीशांच्या नेमणुकीवर बोलताना, प्रत्येक नेमणुकीला विधिमंडळाची संमती घेणे किचकट आहे आणि त्यात राजकीय दबाव शिरण्याचा धोका आहे, असेही त्यांनी स्पष्ट केले.

आधी विचारून, सर्वांसमक्ष संमती घेऊन पद देण्याची रीत आपल्या भूमीला नवी नाही. विनयपिटकात मतशलाका गोळा करणाऱ्या भिक्खूच्या नेमणुकीचा विधी आहे. आवड, द्वेष, मोह व भय यांच्या आहारी न जाणारा आणि कामाची जाण असणारा असाच भिक्खू नेमावा. प्रथम त्याला विचारावे. मग संघापुढे ठराव मांडावा. ज्याला मान्य असेल त्याने मौन राहावे, ज्याला मान्य नसेल त्याने बोलावे. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी भिक्खू संघाच्या या सभाशास्त्राचे स्मरण घटना समितीला करून दिले होते.

६. आपले काम

आपल्या घटनेने दारातली परीक्षा ठेवली नाही, ती रोजच्या परीक्षेच्या भरवशावर. म्हणून सभागृह गोंधळात तहकूब होते, प्रश्नोत्तराचा तास वाया जातो, तेव्हा केवळ वेळेचे नुकसान होत नाही. मंत्र्याला विचारण्याची जी मुख्य जागा, तीच बंद पडते. आधीची परीक्षा नाही आणि नंतरचीही नाही, अशी ती अवस्था होय. तिचा फटका ज्यांची शिष्यवृत्ती अडते, ज्यांच्या वस्तीतील पाण्याची योजना रखडते, त्यांना सर्वांत आधी बसतो.

२००२ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे निवडणुकीच्या प्रत्येक उमेदवाराला गुन्हे, मालमत्ता व शिक्षण यांची माहिती प्रतिज्ञापत्रावर द्यावी लागते. २०१४ साली त्याच न्यायालयाने गंभीर आरोप निश्चित झालेल्यांना मंत्री करू नये, अशी अपेक्षा व्यक्त केली. बंदी मात्र घातली नाही. म्हणजे निर्णय पुन्हा पंतप्रधान, मुख्यमंत्री आणि अखेर आपल्याकडे आला. १९९३ साली अमेरिकेतील सामान्य माणसांनी दूरध्वनी उचलला म्हणून सिनेटर जागे झाले. आपल्या हाती प्रतिज्ञापत्र आहे, आमदार-खासदारांना पत्र लिहिण्याचा हक्क आहे, आणि मत आहे. वस्तीवस्तीतील आपल्या अभ्यास मंडळांनी निवडणुकीपूर्वी उमेदवारांची प्रतिज्ञापत्रे वाचून दाखवावीत आणि अधिवेशनानंतर आपल्या प्रतिनिधीने किती प्रश्न विचारले याची नोंद ठेवावी, असे आम्ही नम्रपणे सुचवितो. हे काम खर्चाचे नाही. त्यासाठी चार सुशिक्षित तरुण आणि महिन्यातील एक संध्याकाळ पुरेशी आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. अमेरिकेतील मंत्र्याला आधी संमती का लागते आणि भारतातील मंत्र्याला का लागत नाही?
२. टॅनी आणि वीव्हर यांच्या उदाहरणांवरून सभागृहाच्या रचनेविषयी कोणता बोध होतो?
३. १९४७ च्या निवेदनातील मंत्रिमंडळाची योजना आणि आजचा अनुच्छेद ७५ यांतील फरक सांगा.
४. आपल्या मतदारसंघातील आमदारांचे प्रतिज्ञापत्र मिळवून त्यातील तीन महत्त्वाच्या बाबी मंडळात मांडा.