घरातील फोटोंचे खाते कोणाच्या नावावर



घराण्यातील जुने-नवे सर्व फोटो एकत्र करून ते क्लाउडवर, म्हणजे एखाद्या कंपनीच्या दूरच्या संगणकांवर घेतलेल्या आणि इंटरनेटवरून वापरता येणाऱ्या जागेत, ठेवण्याचे काम भाचीने अंगावर घेतले, हे उचितच झाले. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत आणि जुलै 2021 मध्ये चिपळुणात ज्या घरांत पाणी शिरले, तेथे भिजून एकमेकांना चिकटलेले लग्नाचे अल्बम पुन्हा सुटे होण्यासारखे राहिले नाहीत. दुसऱ्या गावी एक प्रत असणे किती मोलाचे असते, हे त्या घरांना वेगळे सांगावे लागत नाही. परंतु पुरापासून वाचवणारी ही सोय स्वतःचे काही धोके घेऊन येते, आणि या पत्राचा रोख त्यांच्याकडे आहे.

पहिला धोका ‘सिंक’ आणि ‘बॅकअप’ यांतील फरक न कळल्याने उद्भवतो. सिंक म्हणजे एका खात्याशी जोडलेल्या सर्व उपकरणांवर तीच स्थिती राखणे; त्यामुळे एका फोनवर पुसलेला फोटो इतर उपकरणांवरून आणि क्लाउडवरूनही जातो. बॅकअप म्हणजे मूळ नाहीसे झाले तरी शिल्लक राहणारी स्वतंत्र प्रत. गूगल फोटोज आणि आयक्लाउड यांचा नित्याचा वापर पहिल्या प्रकारात अधिक मोडतो, आणि पुसलेले फोटो परत मिळवण्यासाठी त्यांत जी मुदत असते ती गूगलवर बॅकअप झालेल्या फोटोंना साठ दिवसांची, तर आयक्लाउडवर साधारण तीस दिवसांची आहे. शिवाय फोन भरला की जागा मोकळी करण्याची सूचना येते, ती मान्य करताच फोनमधील प्रती जातात आणि जिला बॅकअप समजले जात होते तीच आता एकमेव प्रत उरते. ही गोष्ट बहुतेक घरांत कोणाच्या लक्षातही येत नाही.

कंपन्यांचे नियमही स्थिर नसतात. गूगलने फोटोंसाठी दिलेली अमर्याद विनामूल्य जागा 1 जून 2021 पासून बंद केली आणि तेव्हापासूनचे नवे फोटो 15 जीबीच्या मर्यादेत, तेही ईमेल आणि इतर फायलींसह, मोजले जाऊ लागले. एक फोटो 3 एमबीचा धरला तर ही जागा पाच हजार फोटोंनी भरते, आणि एका लग्नसमारंभाचे व्हिडिओ तिचा बराच भाग खातात. ऑर्कुट 2014 मध्ये बंद झाले, पिकासा 2016 मध्ये. म्हणून पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केलेला ‘3-2-1’ नियम भाचीने पाळावा: एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक घराबाहेर. घराबाहेरची प्रत क्लाउड देतो. दुसऱ्या साधनासाठी हार्ड डिस्क घ्यावी आणि गूगलच्या ‘टेकआउट’ सोयीने सर्व फोटो अधूनमधून तिच्यावर उतरवावेत.

तथापि सर्वांत मोठी उणीव यंत्रात नाही, नावात आहे. बँकेतील ठेवीला नॉमिनी नेमलेला असतो आणि नसल्यास घरात त्यावरून बोलणी होतात. फोटोंच्या खात्याबाबत मात्र खातेदार गेल्यावर काय, हा प्रश्न कोणी विचारत नाही. घरातील फोटो बहुधा एकाच व्यक्तीच्या खात्यात, त्या व्यक्तीच्या मोबाइल नंबरावर येणाऱ्या ओटीपीच्या आधाराने, राहतात. ती व्यक्ती निवर्तली की काही महिन्यांत नंबराचे रिचार्ज थांबते, तो नंबर कालांतराने दुसऱ्या ग्राहकाला मिळतो, आणि पासवर्ड कोणाला ठाऊक नसेल तर दार बंद होते. त्यापुढे दोन वर्षे वापर न झालेले वैयक्तिक खाते गूगल आपल्या धोरणानुसार पुसूही शकते. उपाय सोपा आहे, पण तो खातेदार हयात असतानाच करावा लागतो. गूगलच्या ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’मध्ये किती महिने वापर झाला नाही म्हणजे कोणाला कळवावे आणि काय सोपवावे, हे ठरवून ठेवता येते; अॅपलवर ‘लेगसी काँटॅक्ट’ नेमता येतो, मात्र त्या व्यक्तीला प्रवेशासाठी एक किल्ली-संकेत आणि मृत्यूचा दाखला सादर करावा लागतो. भाचीने हे काम आधी घरातील वडीलधाऱ्यांच्या फोनवर, त्यांच्याशी मोकळेपणाने बोलून करावे. विषय अप्रिय वाटेल, पण मृत्युपत्राइतका तो अवघडही नाही.

वाटपाविषयी थोडेच. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून पाठवलेले चित्र लहान होऊन पोहोचते आणि काढल्याची तारीख व ठिकाण यांची नोंद त्यातून गळते. तेच डॉक्युमेंट म्हणून पाठवल्यास मूळ फाईल जाते. अल्बमची लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला तो अल्बम दिसू शकतो, म्हणून लहान मुलांचे आणि आजारपणातील फोटो लिंकने न देता नावानिशी निवडलेल्या नातलगांनाच दाखवावेत. रुग्णशय्येवरील वडीलधाऱ्याचा फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकण्यापूर्वी त्या व्यक्तीची संमती घेण्याची रीत नाही; ती पडायला हवी.

जुन्या छापील फोटोंचे स्कॅन करताना लहान आकाराच्या फोटोंसाठी इंचाला 600 बिंदू ही घनता ठेवावी, चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नयेत, आणि प्रत्येक फोटोची मागची बाजूही स्कॅन करावी, कारण स्टुडिओचा शिक्का आणि पेन्सिलीने लिहिलेले नाव तेथेच असते. चेहरे ओळखून एकत्र लावण्याचे काम क्लाउडवरील प्रणाली करते, पण मुंजीच्या फोटोत डावीकडून तिसरी उभी असलेली स्त्री कोणाची आत्या, हे तिला कळत नाही. ते घरातील दोन-तीन वृद्धांनाच ठाऊक आहे. येत्या दिवाळीच्या सुट्टीत भाचीने अल्बम घेऊन त्यांच्याजवळ बसावे आणि ते सांगतील ती नावे लिहून घ्यावीत. हार्ड डिस्कची खरेदी त्यानंतर झाली तरी चालेल.

मामाचे आशीर्वाद