इंजेक्शनच्या गाडीची ओळख आणि निगा
(कार्यानुभव पाठ : इयत्ता ९ वी व १० वी. पालकांनीही वाचावा.)



२०१२ सालच्या पावसाळ्यात आपल्या संस्थेची जुनी व्हॅन कुरकुरू लागली. सिग्नलला उभी राहिली की बंद पडे, सायलेन्सरमधून काळा धूर येई आणि अ‍ॅव्हरेज जवळजवळ निम्म्यावर आले होते. एका गॅरेजने "हिचा मेंदूच गेला" असे सांगून ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, बदलण्याची पाच आकडी रक्कम कागदावर लिहून दिली. एवढे पैसे घालण्यापेक्षा गाडी भंगारात द्यावी, असे विश्वस्त मंडळात ठरतच आले होते. मांजलपूर-तरसालीकडून येणाऱ्या बालवर्गाच्या मुलांची मात्र दुसरी सोय नव्हती. मी तेव्हा वर्कशॉप शिकवून निवृत्त झालो होतो. मंडळाकडून आठ दिवसांची मुदत मागून घेतली आणि दहावीच्या चार मुलांना हाताशी घेतले. त्या आठ दिवसांत जे शिकवले, तेच इथे लिहितो.

आधी ओळख. डिझेलच्या इंजिनात इंधन पहिल्यापासूनच फवारले जाते, म्हणून 'इंजेक्शनची गाडी' हा शब्द आपण पेट्रोलपुरता वापरू. पूर्वी पेट्रोल आणि हवा मिसळण्याचे काम कार्बोरेटर करी. आत खेचल्या जाणाऱ्या हवेच्या ओढीनेच पेट्रोल बारीक भोकातून वर येई. साधी, स्वस्त, कुठल्याही नाक्यावर दुरुस्त होणारी वस्तू. पण तिचे माप ढोबळ. जगात विजेवर चालणारे इंजेक्शन मोठ्या प्रमाणावर आणले ते बॉश कंपनीने, १९६७ मध्ये फोक्सवॅगनच्या गाडीवर. आपल्याकडे त्याला जोर आला तो प्रदूषणाच्या नियमांमुळे. २००० साली शिसेविरहित पेट्रोल देशभर आले, त्याच वर्षी 'इंडिया २०००' हे धुराचे निकष लागू झाले, आणि १९८३ पासून कार्बोरेटरवर धावणारी मारुती ८०० सुद्धा एमपीएफआय झाली. एमपीएफआय म्हणजे प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इंजेक्टर.

समोर उभी असलेली गाडी कोणत्या जातीची, हे कसे ओळखाल? डॅशबोर्डवर चोकची खुंटी असेल तर कार्बोरेटर. नसेल तर किल्ली फिरवा, पण सेल्फ मारू नका, आणि कान मागच्या सीटकडे द्या. दोन-तीन सेकंद बारीक गुणगुण ऐकू आली तर तो टाकीतला विजेचा पंप. त्याच वेळी मीटरमध्ये इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो आणि गाडी सुरू झाल्यावर विझतो. आता बॉनेट उघडा. (आपल्या व्हॅनला पुढची सीट उचलावी लागे.) कार्बोरेटरच्या गाडीत इंजिनावर थाळीसारखा गोल एअर फिल्टर बसलेला असतो. एमपीएफआयमध्ये सिलिंडरच्या रांगेला समांतर एक नळी दिसते, तिला रेल म्हणतात. तिच्याखाली जितके सिलिंडर तितके इंजेक्टर आणि प्रत्येकाच्या डोक्यावर दोन वायरींचा प्लग. तीन प्लग मोजले तर तीन सिलिंडर. नव्या काही गाड्यांत पेट्रोल थेट सिलिंडरच्या आत फवारतात. त्यांत कॅमवर चालणारा जाड उच्चदाब पंप आणि पोलादी नळ्या दिसतात. तिथे हात घालायचा नाही.

इंजिनावर ठोकलेला नंबरही वाचायला शिका. मारुतीच्या 'एफ ८ बी' मधला ८ म्हणजे ०.८ लिटर, प्रत्यक्षात ७९६ सीसी. 'एफ १० डी' म्हणजे १०६१ सीसी. पण नुसत्या कोडवर विसंबू नका. एफ ८ बी आधी कार्बोरेटरवर होते, पुढे इंजेक्शनवर आले. सुटे भाग आणताना इंजिन नंबर, चॅसिस नंबर आणि आरसी पुस्तकातले उत्पादनाचे वर्ष अशी तिन्ही टिपून न्यावी. माझ्या पाहण्यात निम्मे चुकीचे भाग या आळसामुळे येतात.

आता गणित. इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरते आहे, म्हणजे सेकंदाला ५०. चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदा पेट्रोल लागते. म्हणजे प्रत्येक इंजेक्टर सेकंदाला २५ वेळा उघडतो, आणि दर वेळी काही सहस्रांश सेकंदच. रेलमधला दाब साधारण ३ बार असतो, मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या सुमारे दीडपट. दाब ठरलेला असल्यामुळे किती पेट्रोल जाणार ते फक्त इंजेक्टर किती वेळ उघडा राहिला यावर ठरते. तो वेळ ईसीयू ठरवतो. त्याला १ किलो पेट्रोलमागे १४.७ किलो हवा हे प्रमाण सांभाळायचे असते.

पण हवा किती आली हे त्या बिचाऱ्याला दिसत नाही! त्याला सेन्सर सांगतात तेवढेच कळते. आपल्या व्हॅनमध्ये हे काम मॅप सेन्सरकडे होते. इनटेक मॅनिफोल्डमधला दाब एका रबरी नळीतून त्याच्यापर्यंत पोहोचे. गाडी उभ्याने चालू असताना हा दाब बाहेरच्या हवेच्या जेमतेम एक तृतीयांश असतो. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की बाहेरच्या इतका होतो. ही नळी चिरली आणि बाहेरची हवा आत शिरली, तर सेन्सरला दाब जास्त वाटतो. ईसीयू समजतो, गाडी चढावर आहे, आणि पेट्रोल वाढवतो. सायलेन्सरमधला ऑक्सिजन सेन्सर "पेट्रोल जास्त होते आहे" असे कळवत राहतो, पण त्याच्या सांगण्यावरून ईसीयू ठरावीक मर्यादेपर्यंतच कपात करतो. मग काळा धूर, काजळलेले प्लग आणि खाली आलेले अ‍ॅव्हरेज.

आम्ही प्लग काढले. तिन्ही काळेकुट्ट. एकच काळा असता तर त्या सिलिंडरचा प्लग किंवा इंजेक्टर पाहिला असता. तिन्ही सारखे, म्हणजे दोष सर्वांना सामाईक अशा ठिकाणी. मुलांनी एकेक नळी वाकवून पाहिली. तिसऱ्या दिवशी मॅपच्या नळीच्या टोकाशी, क्लिपच्या आत दडलेली चीर सापडली. ईसीयू निर्दोष होता. त्याला जे सांगितले गेले, त्याप्रमाणे तो बरोबर वागत होता.

पालकांसाठी निगेच्या चार गोष्टी. टाकी कायम तळाशी ठेवून गाडी चालवू नये. पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि पेट्रोलनेच थंड राहतो. सुरू करताना अ‍ॅक्सिलरेटर पंप करण्याची जुनी सवय सोडावी, तिचा आता काही उपयोग नाही. एअर फिल्टर आणि प्लग पुस्तिकेप्रमाणे बदलावेत. इंजिन जोराच्या पाण्याने धुऊ नये. कनेक्टरमध्ये पाणी शिरले की दोष शोधताना नाकी नऊ येतात. पिवळा दिवा सतत लागून राहिला तर गाडी सावकाश गॅरेजपर्यंत न्यावी, पण उघडझाप करू लागला तर रस्त्याच्या कडेला थांबावे. तेव्हा इंजिन मिसिंग करत असते आणि न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळते. हा भाग फार महाग. गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला तर कोड लिहून मागावा. कोड दोषाची दिशा दाखवतो. 'मॅप सेन्सर' असा कोड आला म्हणून सेन्सरच खराब असे नव्हे. त्याची नळी, वायर आणि कनेक्टर आधी पाहावेत.

जुन्या गाड्यांबाबत एक नवी काळजी आहे. २०२५ पर्यंत पेट्रोलमधले इथेनॉल २० टक्क्यांवर आले. त्यासाठी न बनवलेल्या गाड्यांतल्या रबरी इंधननळ्या वरचेवर तपासाव्यात, आणि इथेनॉल ओलावा शोषते म्हणून टाकी भरून गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नये.

मुलांना ताकीद : इंजिन बंद केल्यावरही रेलमध्ये दाब राहतो. इंधनाची नळी स्वतः सोडवू नका. पाहणे, ऐकणे, मोजणे, प्लग काढणे इतके शिक्षकांसमोर करता येते आणि त्यातच बरेच कळते.

नवी नळी हातभर लागली, ती चहाच्या खर्चात बसली. गाडी त्यानंतर आणखी चार वर्षे बालवर्गाला घेऊन फिरली. त्या चौघांतला एक आज स्वतःचे गॅरेज चालवतो. जुनी नळी कार्यानुभवाच्या खोलीत डावीकडच्या कपाटात चिठ्ठी बांधून ठेवली आहे. शनिवारी प्रत्येकाने ती हातात घेऊन पाहावी. सरळ धरली तर चीर दिसत नाही. टोकाशी वाकवावी लागते.