आधी वजन पाहायला शीक

नाशिक

चि. सायली,


पेन टॅब्लेट घेतलास, फार बरं केलंस. कोणतं सॉफ्टवेअर शिकू, असं विचारलं आहेस. क्रिटा घे. ते मोफत आहे आणि त्यात रेखाटनही होतं, अ‍ॅनिमेशनही. पहिल्या वर्षाला तेवढं पुष्कळ झालं. पण त्याआधी वजन पाहायला शीक.

रोज अर्धा तास वही घेऊन मंडईत जा. डोक्यावर पाटी असलेल्या हमालाची मान ताठ असते, पावलं आखूड पडतात. तोच रिकामा परतताना हात मोकळे सोडून चालतो. नाक-डोळ्यांच्या मागे लागू नकोस. पाठीच्या कण्याची रेघ आणि भार कोणत्या पायावर आहे, एवढंच झरझर टिप. खोडरबर घरी ठेव.

स्क्रीनवर चेंडूच्या टप्प्यापासून सुरुवात कर. सेकंदाला २४ फ्रेम असतात. एक चित्र दोन फ्रेम धरलंस, तर १२ चित्रांत एक सेकंद होतो. चेंडू वर पोचताना मंदावतो, म्हणून तिथली चित्रं जवळजवळ येतात. खाली येताना वेग वाढतो, म्हणून ती लांब-लांब पडतात. अनियन स्किन चालू ठेवलंस की मागची चित्रं फिकट दिसतात, त्यावरून हे अंतर जोखता येतं. जमिनीवर आपटून चेंडू चपटा झाला की तेवढाच रुंदही होऊ दे, नाहीतर तो लहान झाल्यासारखा वाटेल. मग तोच गोल लोखंडाचा करून बघ. आकार न बदलता, नुसत्या अंतरांवर आणि टप्प्याच्या उंचीवर तो जड वाटला पाहिजे. ते जमलं की पिठाचं अर्धं भरलेलं पोतं चालव.

आपल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक फ्रेम घेत टिपली. पुढे ‘आगकाड्यांची मौज’मध्ये त्यांनी काड्याच हलवल्या. काडीला ना चेहरा, ना हातपाय. तिच्यात जीव आणायचा तो हालचालीनेच. म्हणून सुंदर पात्र रंगवण्याची घाई तू करू नकोस, असं मला मनापासून वाटतं.

दर आठवड्याला दोन सेकंदांचं एक काम पुरं कर. मनासारखं झालं नाही तरी पुरं कर, कारण चूक कुठे झाली ते सगळी चित्रं सलग चालवल्यावरच कळतं. पहिला चेंडू रविवारपर्यंत मला पाठव.

तुझा,
मामा