तबकडीचे माप आणि चित्राचे संकेतन

घरगुती चित्रणाची डीव्हीडी तयार करू पाहणाऱ्या माणसाला दोन गोष्टी बहुधा कोड्यात टाकतात. संगणकावर ७० कोटी बाइटांत मावणारे दोन तासांचे चित्रण तबकडीसाठी रचताच ४०० कोटींहून अधिक बाइटांची जागा व्यापते, ही पहिली. डीव्हीडीच्याच पद्धतीने आधी तयार केलेली फाइल ऑथरिंगचे सॉफ्टवेअर पुन्हा तासन्‌तास घडवीत बसते, ही दुसरी. या दोहोंचा उलगडा होण्यासाठी तबकडीचे माप आणि संकेतनाची रीत समजून घेतली पाहिजे.

फाइलचा आकार मूळ फाइल केवढी होती यावर अवलंबून नसतो. तो चित्रणाचा अवधी आणि बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला खर्च होणाऱ्या बिटांची संख्या, यांच्या गुणाकारावर ठरतो. एकपदरी तबकडीत सुमारे ४७० कोटी बाइट, म्हणजेच ३,७६० कोटी बिट मावतात. दोन तासांचे ७,२०० सेकंद होतात. भागाकार केल्यास सेकंदाच्या वाट्याला सुमारे ५२ लाख बिट येतात. त्यातूनच ध्वनीचा आणि विषयसूचीचा खर्च भागवावा लागत असल्याने चित्रासाठी ४८ लाख धरणे सुरक्षित ठरते. संगणकावरील त्या लहान फाइलचा दर सेकंदाला जेमतेम ८ लाख बिटांचा असतो, कारण तिची संकेतनाची रीत नवी व अधिक काटकसरी असते. डीव्हीडीला मात्र एमपेग-२ ही जुनी रीत लागते. जागा वाढली म्हणून चित्र सुधारत नाही. फक्त तेच चित्र अधिक खर्चिक भाषेत लिहिले जाते.

येथे आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. तबकडीवर ४.७ जीबी असे छापलेले असले, तरी अनेक संगणक १,०२४ च्या पटीने मोजतात व तीच जागा ४.३८ अशी दाखवितात. म्हणून संगणकाने ४.५ दाखविलेली फाइल तबकडीत मावत नाही. दुसरी गोष्ट ध्वनीची. पीसीएम पद्धतीचा असंकोचित ध्वनी दोन तासांत १३८ कोटी बाइट घेतो. १९२ किलोबिटांचा एसी-३ ध्वनी केवळ १७ कोटी. केवळ या निवडीने तबकडीचा सुमारे चौथा हिस्सा चित्रासाठी मोकळा होतो.

आता पुनःसंकेतनाकडे वळू. एमपेग-२ मध्ये प्रत्येक चित्रचौकट संपूर्ण लिहिली जात नाही. काही चौकटी पूर्ण असतात. त्यांच्या मधल्या चौकटींत मुख्यतः शेजारच्या चौकटींपेक्षा झालेला बदलच नोंदविला जातो. डोळ्यांना सहसा न जाणवणारा तपशील गाळला जातो, आणि गाळलेले परत मिळत नाही. तीच फाइल पुन्हा संकेतित केली, की पहिल्या खेपेचे दोषही चित्राचाच भाग समजून लिहिले जातात. छायाप्रतीची छायाप्रत काढावी, तसा हा प्रकार होय.

मग सॉफ्टवेअर असे का करते? डीव्हीडीचे नियम काटेकोर आहेत. भारतात रूढ असलेल्या पाल पद्धतीत पूर्ण चित्राचे माप ७२० बाय ५७६, गती सेकंदाला २५ चौकटी, चौकटींचा गट जास्तीत जास्त १५ चा, चित्राचा दर ९८ लाख बिटांपर्यंत आणि ध्वनीचे नमुने सेकंदाला ४८,००० असावे लागतात. प्रकल्प चुकून एनटीएससी पद्धतीत मांडला गेला असेल, किंवा ध्वनी सीडीप्रमाणे ४४,१०० नमुन्यांचा असेल, तर फाइल अनुरूप नाही असे ठरते. दोष ध्वनीचा असेल, तर केवळ ध्वनी बदलावा. चित्राला हात लावण्याचे कारण नाही. अनुरूप फाइल जशीच्या तशी घेण्याची सोय काही सॉफ्टवेअरांत असते. ती आधी शोधावी.

याउपर फाइल मोठी होत असेल, तर तयार एमपेग-२ फाइल आवळण्यापेक्षा मूळ चित्रणाकडे परतून कमी दराने एकदाच संकेतन करणे श्रेयस्कर. दोन फेऱ्यांचे संकेतन निवडल्यास पहिल्या फेरीत चित्रणाची पाहणी होते व दुसरीत धावपळीच्या दृश्यांना अधिक, शांत दृश्यांना कमी बिट दिले जातात. तेवढ्यानेही भागत नसेल, तर ८५० कोटी बाइटांची दुपदरी तबकडी किंवा दोन तबकड्या वापराव्यात.

मिनी डीव्ही फितीवरील एका तासाचे चित्रण सुमारे १,३०० कोटी बाइटांचे असते. विवाहसोहळ्याच्या अशा दोन फिती एका तबकडीत उतरतात, तेव्हा पाच भागांपैकी चारांहून अधिक भाग गाळलेला असतो. पाहण्यासाठी ही प्रत पुरेशी असते; परंतु उद्या नव्या रीतीने प्रत काढावयाची झाल्यास ती तबकडीवरून काढणे म्हणजे दुसऱ्यांदा गाळणे होय. म्हणून डीव्हीडी हाती आली, तरी मूळ फीत पुसू नये. तिची संगणकावर उतरविलेली अखंड प्रत जतन करावी.