आधी पाणी विचारा, मग गुलाब

पांढऱ्या सुवासिक गुलाबाबद्दल कोणी विचारलं की मी उलट विचारते, तुमच्याकडे पाणी कुठलं? नळाचं, बोअरचं की टँकरचं? विचारणाऱ्याला वाटतं, मी विषय टाळते आहे. पण छत्रपती संभाजीनगरात या झाडाचं भलंबुरं पाण्यावर आणि जमिनीतल्या चुन्यावर ठरतं. फूल किती सुंदर, हा प्रश्न नंतरचा.

माझ्या सिडकोतल्या घरापुढे जेमतेम दहा-बारा फुटांची मोकळी जागा आहे. तिथे मला 'विंचेस्टर कॅथेड्रल' हवा होता. डेव्हिड ऑस्टिन या इंग्रज गुलाबसंवर्धकाने 1988 मध्ये तो बाजारात आणला. त्यांच्याच 'मेरी रोज' या 1983 च्या गुलाबी जातीच्या झुडपावर पांढऱ्या फुलांची फांदी आपसूक निघाली, तिच्यापासून ही जात तयार झाली. कळीवर पुसट गुलाबी रेघ असते. उमलल्यावर फूल सायीच्या रंगाचं होतं, गाभ्याशी किंचित बदामी, पाकळ्या भरगच्च. वास मधाचा, त्यात बदामाची झाक. फुलवाल्याकडच्या लांब दांड्याच्या पांढऱ्या गुलाबाला सहसा वास नसतो, म्हणून याचं मोल मला फार वाटतं.

पहिलं झाड मात्र दुसरा पावसाळा पाहू शकलं नाही. सुरुवात कोवळ्या पानांपासून झाली. पान पिवळं, शिरा तेवढ्या हिरव्या. जुनी पानं ठणठणीत, नवीन येईल ते फिकट. आजूबाजूचे सगळे म्हणाले, ताई, खत कमी पडतंय, डीएपी टाका. टाकलं. पिवळेपणा वाढला. चुनखडीच्या जमिनीत लोह आधीच अडकून पडलेलं असतं, त्यात स्फुरद जास्त झालं की झाडाला ते आणखीच मिळेनासं होतं. पुढे भर पावसात फांद्या टोकाकडून काळ्या पडत खाली आल्या आणि झाड गेलं.

ते उपटलं तेव्हा खरा प्रकार दिसला. नर्सरीतून आलेला लाल चिकणमातीचा गोळा जसाच्या तसा होता. मुळं त्याच्या आतच गोल गोल फिरली होती, आमच्या काळ्या जमिनीत एकही शिरलं नव्हतं. गोळ्याखाली पाणी साचून वास मारत होतं. खड्ड्याच्या कडेला हरभऱ्याएवढे पांढरे खडे होते. त्यातला एक वाटीत घेऊन वर व्हिनेगर ओतलं, तर सोडा फुटावा तसा फेस आला. तोच चुना. ही परीक्षा प्रत्येकाने झाड आणण्याआधी करावी. चमचाभर माती आणि चमचाभर व्हिनेगर, एवढंच लागतं. फेस आला तर पैठण रस्त्यावरच्या कृषी विज्ञान केंद्रात रीतसर माती तपासून घ्या. सामू 8 च्या वर असेल तर पुढचं सगळं त्या हिशेबाने करायचं.

आता पाणी. नळाला जायकवाडीचं पाणी येतं, पण रोज येत नाही. मधले दिवस बोअरवर निघतात आणि बेसाल्टच्या खडकातलं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. कुंडीच्या काठावर पांढरा थर चढतो तो त्याचाच. उन्हाळाभर तेच पाणी दिलं की जमिनीत क्षार साठत जातात, आणि गुलाबाला क्षार मानवत नाहीत. टीडीएस मोजायचं पेनाएवढं यंत्र मिळतं, ते घ्या. आकडा 500 च्या आत असेल तर मी निर्धास्त असते. 1000 च्या पुढे गेला तर ते पाणी या झाडाला नको.

दोन पाण्यांबद्दल तर मी हात जोडून सांगते. आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी बागेला घालायची पद्धत घरोघरी आहे. पाणी वाया जाऊ नये ही भावना चांगलीच, पण त्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात. ते फरशी पुसायला वापरा. दुसरं, सोसायटीतल्या सॉफ्टनरचं पाणी. त्यातला चुना जातो खरा, पण त्याच्या जागी सोडियम येतो आणि काळी माती त्याने सिमेंटसारखी घट्ट होते. याउलट एसीच्या नळीतून टपकणाऱ्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. उन्हाळ्यात मी बादली लावून ते साठवते. सगळ्यात उत्तम म्हणजे पावसाचं. एक चौरस मीटर गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. पन्नास चौरस मीटरची गच्ची 10 मिलिमीटरच्या एका सरीत 500 लिटर देते. आपल्याकडे वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस पडतो. झाकणाची एक टाकी गच्चीच्या पाइपाखाली ठेवली तर दोन-तीन झाडांचे हिवाळ्याचे महिने त्यावर निघतात.

या शहराला हा विचार नवा नाही. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला नहर आणली, पाणचक्कीचं पाणीही दुरून जमिनीखालच्या नळांतून आलं, मकबऱ्याची चारबाग पाण्याच्या पाटांभोवतीच आखलेली आहे. इथे बाग करणाऱ्यांनी आधी पाण्याची सोय लावली.

दुसऱ्या झाडाच्या वेळी मी खड्डा खणलाच नाही. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, भेगांमध्ये बारीक मुळं तुटतात. म्हणून विटांचा दीड फूट उंच वाफा केला. त्यात एक वाटा पोयटा, एक वाटा मुरूम, एक वाटा चांगलं कुजलेलं शेणखत, वर मूठभर निंबोळी पेंड. मुरूम आणतानाही व्हिनेगर सोबत न्या, पांढऱ्या खड्यांचा निघाला तर परत पाठवा. रोप लावताना नर्सरीचा गोळा बादलीभर पाण्यात बुडवून ठेवते आणि बोटांनी हळूहळू सोडवून मुळं मोकळी करते. हे पावसाळा संपताना किंवा थंडीत करावं. उन्हाळ्यात मुळांना हात लावू नये.

रोप घेताना फुलाइतकीच चौकशी खुंटाची करावी. डोळा कशावर भरलाय? मल्टिफ्लोराचे बिनकाट्याचे खुंट नर्सरीवाल्यांना सोयीचे पडतात, पण चुनखडीत ते लवकर पिवळे पडतात. ओडोराटाचा खुंट अशा जमिनीला त्यामानाने सोशिक. नर्सरीवाल्याला सांगता येत नसेल तर तिथली जुनी, मोठी झाडं पाहा आणि कोवळी पानं हिरवीगार असलेलंच रोप उचला.

इंग्लंडच्या पुस्तकांत डोळ्याचा सांधा मातीखाली गाडायला सांगतात. तिथे बर्फ पडतो, म्हणून ते बरोबर. आपल्याकडे सांधा मातीवर दोन इंच उघडा राहिला पाहिजे. नाहीतर पावसाळ्यात तो कुजतो आणि खुंटावरची फूट कुठून आली ते कळत नाही. सात पानांची फूट जंगली आणि पाच पानांची कलमाची, हा ठोकताळा झुडूप-गुलाबाला चालत नाही. यांच्या चांगल्या फांदीलाही सात पानं येतात. फूट सांध्याच्या खालून आली की वरून, एवढंच बघा. खालची असेल तर माती उकरून मुळापाशी ओढून काढा. कात्रीने कापली तर तिथूनच चार फुटतात.

पिवळेपणा तरीही अधूनमधून येतो. नुसतं हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, जमिनीत टाकून उपयोग नाही, चुना ते लगेच अडकवतो. लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस आणि अर्ध्या लिंबाचा रस घालून संध्याकाळी पानांवर फवारा. कळ्या वाचवा, पांढऱ्या पाकळीवर गंजाचा डाग राहतो. जमिनीतून द्यायचं तर 'ईडीडीएचए' लिहिलेलं चिलेटेड लोह घ्या. दुकानदार 'ईडीटीए' पुढे करतो, ते स्वस्त असतं, पण इतक्या सामूला टिकत नाही.

जागा पूर्वेची निवडा. सकाळचं ऊन पाच-सहा तास मिळालं की पुरे. पश्चिमेची भिंत मे महिन्यात रात्रीपर्यंत आग ओकते आणि सायीच्या रंगाची पाकळी तिच्यापुढे दुपारीच करपते. एप्रिल-मेमध्ये मी कळ्या खुडून टाकते. त्या दिवसांत येणारं फूल लहान, चपटं, बिनवासाचं असतं, त्यासाठी झाडाने का झिजावं? बुंध्याशी पाचटाचं आच्छादन, दुपारपुरती हिरवी जाळी आणि सकाळी सावकाश पाणी, एवढ्यावर ते उन्हाळा काढतं.

छाटणी दसऱ्यानंतर, पावसाची उघडीप पक्की झाली की. बाजारच्या गुलाबासारखं याला गुडघ्याखाली आणू नका. उंचीचा तिसरा हिस्सा, फार तर निम्मा भाग काढा आणि प्रत्येक कापावर बोर्डो पेस्ट लावा, नाहीतर फांदी वरून वाळत येते. आपल्या हवेत ही झुडपं लांबच लांब धुमारे सोडतात आणि फूल फक्त शेंड्याला येतं. असे धुमारे कापायचा मोह होतो. त्याऐवजी ते सुतळीने हलकेच वाकवून खुंटीला आडवे बांधा. आडव्या फांदीवरचा प्रत्येक डोळा जागा होतो आणि सहा-सात आठवड्यांत तिच्यावर ओळीने कळ्या येतात. लहान जागेत दोनच झाडं लावायची, त्यांच्यात चार फूट अंतर ठेवायचं आणि फांद्या अशा आडव्या न्यायच्या, हे मला सगळ्यात फळलेलं आहे. डिसेंबरच्या थंड रात्रीनंतर सकाळी सात-साडेसातला फाटकापर्यंत वास येतो. दहानंतर तो ओसरतो, म्हणून फुलं तोडायची ती उन्हं वर यायच्या आत.

फुलकिडे फिक्या रंगाच्या फुलांवर आधी येतात. पाकळीच्या कडा तपकिरी झाल्या, कळी अर्धवट उमलून अडकली, की फूल पांढऱ्या कागदावर झटका. पिवळसर, सुतासारखे बारीक किडे पळताना दिसतील. निळे चिकट सापळे टांगा, खराब फुलं वाफ्यात न टाकता बाहेर न्या, निंबोळी तेल संध्याकाळी फवारा. पावसाळ्यात मात्र भरगच्च कळ्या भिजून कुजतात, तिथे औषधाचा इलाज नाही. त्या काढून टाकायच्या.

कधी सांध्याच्या वरच्याच एखाद्या फांदीवर गुलाबी फुलं येतात. तो रोग नव्हे, नर्सरीने फसवलंय असंही नव्हे. झाड आपल्या मूळ 'मेरी रोज'कडे परतलेलं असतं. बागेत पांढराच हवा असेल तर ती फांदी जिथून फुटली तिथून काढा. पण टाकू नका. थंडी असेल तर तिच्यावरचा फुगीर डोळा ओडोराटाच्या खुंटावर भरून बघा, जमला तर दुसऱ्या वाफ्यासाठी गुलाबी झाड घरच्या घरी तयार होतं.