कोरा चौकोन

परीक्षा संपली की तुमच्या वर्गशिक्षिका काय करतात, ते तुम्ही पाहिले आहे का? उत्तरपत्रिका तपासून होतात आणि मग एक मोठा कागद निघतो. त्यावर पट्टीने रेघा मारायच्या, नावे लिहायची, गुण भरायचे, बेरजा करायच्या. एका मुलाचा एक गुण वाढला, तरी बेरीज बदलते आणि शेकडा प्रमाणही बदलते. खाडाखोड वाढली की सगळा कागद पुन्हा लिहायचा!

अशाच खाडाखोडीतून एक मोठी कल्पना निघाली. 1978 साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात डॅन ब्रिकलिन नावाचा विद्यार्थी वर्गात बसला होता. प्राध्यापकांनी फळ्यावर आकड्यांचा तक्ता मांडला होता. त्यातला एक आकडा चुकला. तो दुरुस्त करताना त्याच्याशी जोडलेले बाकीचे आकडेही पुसून पुन्हा लिहावे लागले. ब्रिकलिनच्या मनात आले, हा फळा स्वतःच हिशेब करणारा असता तर? बॉब फ्रँकस्टन या मित्राच्या मदतीने त्याने संगणकासाठी तसा तक्ता तयार केला. 1979 साली तो 'व्हिजिकॅल्क' या नावाने बाजारात आला. आज शिक्षक वापरतात ती एक्सेल किंवा गूगल शीट्स ही साधने त्याच कुळातली.

'तक्ता' हा शब्द तुम्हांला ओळखीचा वाटला ना? उर्दूतला 'तख्ता' तोच. 'हजेरी'ही तुमचीच 'हाजिरी'. उर्दू लिहिणाऱ्यांसाठी या साधनांत एक सोयही आहे. तक्ता उजवीकडून डावीकडे मांडता येतो, म्हणजे नावांचा रकाना उजव्या हाताला येतो.

महाराष्ट्रात 2015 साली 'सरल' ही संगणकप्रणाली सुरू झाली आणि विद्यार्थ्यांची माहिती संगणकावर भरणे हे शिक्षकांच्या कामाचा भाग झाले. कळफलकावर बोटे बसायला थोडे दिवस लागतात, पण ते बसतात. खरे शिकायचे असते ते पुढेच.

समजा, पाच मुलांची चाचणी होती. चौघांना प्रत्येकी 15 गुण मिळाले, पाचवा आजारी होता. त्याच्या चौकोनात शिक्षकांनी 0 लिहिले, तर संगणक 60 ला 5 ने भागतो आणि सरासरी 12 येते. चौकोन कोरा ठेवला, तर तो 60 ला 4 ने भागतो. सरासरी 15 येते. संगणक दोन्ही वेळा बरोबरच आहे! पण शून्य लिहिले, तर तापाने अंथरुणाला खिळलेला मुलगा कागदावर 'ढ' ठरतो.

आता दुसरे उदाहरण घ्या. 'अ' तुकडीत दहा मुले आहेत आणि सर्वांना 20 पैकी 12 गुण आहेत. 'ब' तुकडीत पाच जणांना 18 आणि पाच जणांना 6. दोन्ही तुकड्यांची सरासरी 12 च! नुसती सरासरी पाहणारा म्हणेल, दोन्ही तुकड्या सारख्या आहेत. पण स्तंभालेख काढला, की 'ब' तुकडीचे दोन वेगळे गट दिसतात आणि मधली जागा रिकामी राहते. त्या 6 गुणांच्या गटाशेजारी हजेरीचा रकाना ठेवला आणि ती पाचही मुले दर मंगळवारी गैरहजर दिसली तर? मंगळवार हा गावच्या बाजाराचा दिवस असेल. अशा मुलांना अभ्यास येत नाही असे नाही. मंगळवारचा पाठ त्यांच्यापर्यंत पोहोचलेलाच नाही. पुढे त्यांच्याशी बोलायचे, तो पाठ दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्यायचा, हे काम मात्र शिक्षकांनाच करावे लागते.

आलेख दाखवतानाही सावध राहावे लागते. उभ्या रेघेची सुरुवात 0 ऐवजी 50 पासून केली, तर 52 च्या स्तंभापेक्षा 56 चा स्तंभ तिप्पट उंच दिसतो. पालकसभेत असा आलेख लावला, तर पाहणारे फसतात. आणि त्या पडद्यावर मुलांची नावे तर नकोतच. सर्वांसमोर आपल्या मुलीचे नाव तळाशी पाहून एखाद्या आईची मान खाली जावी, यासाठी का ही माहिती गोळा केली?

तुमच्या वर्गाची गेल्या आठवड्याची हजेरी एका कागदावर मांडून पाहा. कोणता वार सर्वांत रिकामा आहे? त्याचे कारण शोधा आणि आपल्या बाईंना किंवा सरांना सांगा.

स्वाध्याय
1. ब्रिकलिनला तक्त्याची कल्पना कशी सुचली?
2. कोरा चौकोन आणि शून्य यांत काय फरक आहे?
3. सरासरी 12 येईल असे पाच मुलांचे गुण दोन वेगवेगळ्या प्रकारे लिहा.