चिलटाच्या मेंदूतील गंधस्मृती

भोपाळच्या उत्तरेकडील करोंदच्या मंडीत अतिपिकलेल्या केळ्यांभोवती जी तांबड्या डोळ्यांची चिलटे घोंगावत असतात, त्यांना प्राणिशास्त्रात ड्रोसोफिला मेलानोगास्टर असे नाव असून, गंधाची आठवण मेंदूत नेमकी कोठे व कशी साठते या प्रश्नाचे आजवरचे सर्वांत तपशीलवार उत्तर याच किड्याच्या मेंदूतून मिळालेले आहे. आंबा आणि पेरू आतून नासवणारी, बागाइतदारांना परिचित असलेली फळमाशी मात्र निराळी. पुढील संवाद महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवणारी आत्या आणि तिची जिज्ञासू भाची यांच्यातील आहे.

भाची : आत्या, मिलिमीटरभरही रुंद नसलेल्या मेंदूत आठवण राहते, हे कळले तरी कसे?

आत्या : कॅलिफोर्नियात सीमोर बेंझर यांच्या प्रयोगशाळेत 1974 साली चिलटांना दोन गंध देण्यात आले आणि त्यांपैकी एकाच गंधाबरोबर विजेचा सौम्य झटका देण्यात आला, पुढे झटका बंद करूनही पुष्कळ चिलटे त्या गंधापासून दूर राहू लागली. नंतर तेथेच असा एक वाण सापडला, की ज्याला गंध येत होता, झटका जाणवत होता, पण दोहोंचा संबंध लक्षात राहत नव्हता. या वाणातील सदोष जनुकाला ‘डन्स’, म्हणजे मठ्ठ, असे नाव मिळाले.

भाची : पण मुळात केळ्याचा वास मेंदूपर्यंत पोहोचतो कसा?

आत्या : केळ्याचा ओळखीचा वास मुख्यतः आयसोअमाइल ॲसिटेट या द्रव्याचा असतो. त्याचे रेणू चिलटाच्या स्पर्शिकांवरील सूक्ष्म केसांच्या छिद्रांतून आत शिरून ग्राही प्रथिनांना, म्हणजे ठरावीक रेणूच पकडणाऱ्या प्रथिनांना, चिकटतात आणि त्या पेशींत विद्युत्संदेश उमटतो. एकाच जातीचे ग्राही असलेल्या पेशींचे तंतू मेंदूत एकाच गोलसर गुच्छात येऊन मिळतात. असे सुमारे 50 गुच्छ असून त्यांना ग्लोमेरुलस म्हणतात. वेगवेगळ्या गंधांनी वेगवेगळे गुच्छ जागे होतात, हे दाखवणाऱ्या सुरुवातीच्या अभ्यासांपैकी एक व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी 1988 साली प्रसिद्ध केला, आणि त्या मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करत होत्या. रेण्वीय जीवशास्त्राचा तेथील विभाग ओबेद सिद्दिकी यांनी 1962 मध्ये उभारला होता. गंध व चव ओळखण्यात उणी असलेली चिलटे वेगळी काढून त्यांच्या जनुकांचा माग घेण्याचे काम या दोघांनी मिळून 1970च्या दशकात केले. मराठी शालेय पुस्तकांत या कामाचा उल्लेख असावयास हवा, इतके त्याचे महत्त्व आहे.

भाची : म्हणजे आठवण या गुच्छांत साठते?

आत्या : मुख्यतः त्यांच्या पुढच्या टप्प्यावर. फेलिक्स दुजार्दँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1850 मध्ये कीटकांच्या मेंदूतील छत्रीच्या आकाराच्या ज्या जोडीचे वर्णन केले, तिला मश्रूम बॉडी म्हणतात. चिलटाच्या प्रत्येक मश्रूम बॉडीत सुमारे 2,000 केनियन पेशी असतात, आणि अनेक गुच्छांचे संदेश एकाच वेळी आल्याशिवाय त्यांतील एखादी पेशी सहसा जागी होत नाही. त्यामुळे एका गंधाला शंभरातील पाच-दहाच पेशी प्रतिसाद देतात, आणि दोन गंधांच्या पेशींचे संच बहुतांशी वेगळे राहतात.

भाची : मग झटका बसल्यावर या पेशींत काय बदलते?

आत्या : येथेच खरे रसायन आहे. केनियन पेशी ॲसिटिलकोलिन हे द्रव्य सोडून पुढच्या निर्गमन पेशींना संदेश देतात. त्यांपैकी काही पेशी किड्याला गंधाकडे ओढतात, तर काही त्याला दूर नेतात. झटक्याची वार्ता डोपामिन सोडणाऱ्या पेशी आणतात. हे डोपामिन जाग्या आणि निद्रिस्त अशा दोन्ही केनियन पेशींवर पडते, परंतु गंधाने जाग्या झालेल्या पेशीत कॅल्शियम आधीच वाढलेले असते. ‘रुटाबागा’ जनुकापासून बनणारे विकर कॅल्शियम आणि डोपामिन या दोहोंची खूण एकत्र मिळाली, तरच सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू भरपूर तयार करते. गंध आणि झटका एकाच वेळी आले, याची नोंद पेशीला अशी मिळते.

भाची : आणि मग तो संदेश बळकट होतो?

आत्या : सर्वसाधारण अपेक्षा तीच असते, पण घडते ते उलट. ज्या जोडणीतून गंधाकडे ओढणाऱ्या पेशीला संदेश जातो, ती दुबळी होते. मंडीतल्या तराजूच्या एका पारड्यातील वजन उचलले की दुसरे पारडे आपोआप खाली जाते, तसा दूर नेणारा पक्ष वरचढ ठरतो. साखर मिळाली, तर डोपामिन मश्रूम बॉडीच्या दुसऱ्या भागात सुटते आणि टाळण्याच्या बाजूची जोडणी क्षीण होते.

भाची : डन्स चिलटांमध्ये सायक्लिक एएमपी कमी पडत असणार.

आत्या : उलट ते जास्त होते. डन्स जनुकाचे विकर हा रेणू मोडण्याचे काम करते. ते बिघडले की पेशीत तो सदाच साचून राहतो आणि नव्या खुणेचा चढ त्यात उमटत नाही. रुटाबागा बिघडले तर तो पुरेसा बनतच नाही, आणि दोन्ही प्रकारांत स्मरण ढासळते.

भाची : मधमाशीतही डोपामिनच काम करते का?

आत्या : तिच्यात मकरंदाच्या गोडीची वार्ता ऑक्टोपामिन हे द्रव्य नेते. मार्टिन हॅमर यांनी 1993 मध्ये दाखवले, की गंध दिल्यानंतर साखर न देता हे द्रव्य सोडणारी एकच विशिष्ट पेशी उत्तेजित केली, तरी मधमाशी तो गंध शिकते आणि पुढे त्या गंधाला सोंड बाहेर काढते.

भाची : आणि चिलटाची ही आठवण टिकते किती?

आत्या : एकाच धड्याची आठवण काही तासांत पुष्कळ विरते. मध्ये पंधरा-पंधरा मिनिटांची विश्रांती ठेवून तोच धडा दहा वेळा दिला, तर ती आठवडाभर टिकते, कारण तेव्हा पेशी नवी प्रथिने तयार करतात. विश्रांतीविना दिलेले दहा धडे हा परिणाम साधत नाहीत. विसरण्यामागेही डोपामिनच आहे: धडा संपल्यावरही काही डोपामिन पेशी मंद गतीने ते सोडत राहतात, ते वेगळ्या ग्राहीमार्फत ताजी आठवण झिजवत जाते, आणि 2012 सालच्या प्रयोगांत या पेशी गप्प केल्या, तेव्हा चिलटांच्या आठवणी अधिक काळ टिकल्या.